पेल्यांत काय आहे?

द्राक्षांच्या मद्यावर या मासिकांत लेख, आणि तोहि आमच्यासारख्या सकाळ-सायंकाळ संध्या करणाऱ्या सेवानिवृत्त मास्तराच्या हातचा, हें पाहून कांहीं वाचक चष्मा पुसून लेखकाचें नांव पुन्हां एकदां वाचतील. त्यांनीं खुशाल वाचावें. छापखान्याची चूक झालेली नाहीं. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यांत मद्याचा पहिला घोट आम्हीं २०२५ च्या माघ महिन्यांत घेतला, आणि त्यानिमित्तानें जें कांहीं शिकलों तें चार घरीं उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास बसलों आहों.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जे घेत नाहींत त्यांनीं घ्यावें असें सुचविण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. हा लेख आहे तो निराळ्या घरांसाठीं. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीला आहे, शनिवारीं रात्रीं मित्रमंडळी जमतात, आणि आईवडील चार दिवस राहावयास गेले कीं स्वयंपाकघरांतील एक बाटली कपड्यांच्या कपाटांत जाते. ती कोठें गेली हें आईला ठाऊक असतें, आईला ठाऊक आहे हें मुलाला ठाऊक असतें, आणि दोघेंहि हवापाण्याच्या गोष्टी बोलत बसतात. आमचें घर अशांपैकींच एक होतें, आणि त्या न बोलण्याची किंमत आम्हीं फार जबर दिली आहे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत वडिलांपाशीं बसून शिकलों. नोकरी औसा, उदगीर, अहमदपूर अशा लातूर जिल्ह्यांतील गांवीं झाली, व निवृत्तीनंतर नांदेडास गोदाकांठच्या वडिलोपार्जित घरीं येऊन राहिलों. आमच्या मुलुखांत पिण्याच्या प्रकारांस तोटा नव्हता. बिलोली-धर्माबादेकडे तेलंगणाच्या शिवेवर शिंदी, किनवटच्या रानांत मोहाची, शहरांत सरकारमान्य देशी दुकानें. परंतु आमच्या घरांत या सर्वांस मिळून एकच शब्द होता, आणि तोहि मुलांपुढें उच्चारावयाचा नाहीं असा दंडक होता. झाडावरून उतरलेली ताजी शिंदी व भट्टींतून निघालेली जळजळीत दारू यांत कांहीं अंतर असेल, अशी शंका घेणेंहि पाप. ज्या गोष्टीचें नांव घेतलें नाहीं ती घरांत येणार नाहीं, अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती.

ती आली. आमचे वडील बंधु लातुरास एका आडत दुकानीं मुनीम होते. माणूस हिशेबाचा चोख. तुरीच्या हंगामांत रात्रीं बारा वाजेपर्यंत वह्या लिहीत आणि एका पैचीहि चूक होऊं देत नसत. त्यांस हें केव्हां व कोणाच्या संगतीनें लागलें तें आम्हांस आजहि ठाऊक नाहीं. धान्याच्या कोठीमागें बाटली असे. आम्ही सुट्टींत गेलों कीं दादांच्या तोंडास वेलदोड्याचा वास येई. इतका वेलदोडा ते कां खातात हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. पुढें पोट वाढलें, डोळे पिंवळे झाले. नातेवाइकांस आम्हीं 'कावीळ' म्हणून कळविलें, आणि शब्दशः पाहतां तें खोटें नव्हतें. १९९८ सालीं वयाच्या बावन्नाव्या वर्षीं दादा गेले. शेवटच्या आठवड्यांत डॉक्टरांनीं विचारलें, "काय घेत होते? रोज किती घेत होते?" वहिनी, आम्ही आणि दादांचा अकरा वर्षांचा मुलगा असे तिघे खाटेशीं उभे होतों. तिघांपैकीं एकासहि उत्तर देतां आलें नाहीं.

हा मुलगा आमच्या देखरेखीखालीं वाढला. परभणीच्या कृषि विद्यापीठाची पदवी त्यानें घेतली, कांहीं वर्षें खतांच्या धंद्यांत नोकरी केली, आणि २०१६ सालीं त्याचें पत्र आलें कीं नाशिकाकडे द्राक्षांचें मद्य करणाऱ्या एका कारखान्यांत आपणांस जागा मिळाली आहे व आईस घेऊन आपण तिकडे जात आहों. हें साल लातूरकर विसरणार नाहींत. त्या एप्रिलांत मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातुरास पाणी आणावें लागलें होतें. आमचें डोकें आधींच तापलेलें होतें. आम्हीं उलट टपालीं लिहिलें, "येथें माणसें घागरभर पाण्यासाठीं रांगा लावीत आहेत, आणि ज्या विषानें तुझा बाप गेला तें तूं पिंपांत भरून विकणार! या घरीं पुन्हां पाऊल टाकूं नकोस." तें वाक्य येथें उतरवितांना आजहि हात थबकतो. त्याचें उत्तर आलें नाहीं. दिवाळीस तो काकूला फोन करी. त्या वेळीं आम्ही उठून ओसरीवर जात असूं. अशीं नऊ वर्षें गेलीं.

आमचे डोळे उघडले ते एका औषधाच्या बाटलीनें. सौभाग्यवतींस दुखण्यांतून उठल्यावर वैद्यांनीं द्राक्षासव सांगितलें होतें. रोज रात्रीं जेवणानंतर तें मापून देण्याचें काम आमचेंच. एके दिवशीं चष्मा बदलून आणला होता, त्या उत्साहांत बाटलीवरील बारीक अक्षरें वाचलीं. त्यांत स्वयंजनित मद्यार्काचें प्रमाण स्वच्छ छापलेलें होतें. आसव-अरिष्टांत तें सामान्यतः पांच ते दहा टक्के असतें. कित्येक बिअरींहून अधिक! म्हणजे चार महिने आम्ही स्वहस्तें आपल्या धर्मपत्नीस मद्य पाजीत होतों, आणि दारावरील गणपति तें निमूटपणें पाहत होता. सौभाग्यवती पोट धरधरून हंसल्या. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. पेल्यांत काय आहे हें न पाहतां आम्ही एकास मज्जाव व दुसऱ्यास मोकळीक देत आलों होतों.

त्या रात्रीं जुनीं पुस्तकें काढलीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणांत, सुराध्यक्षावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार सांगून त्यांच्या कृति दिल्या आहेत. यांतील मधु म्हणजे द्राक्षांच्या रसाचें मद्य. कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें, म्हणजे ज्या देशांतून तें येई त्या देशांचीं. कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानांत, काबूलच्या उत्तरेस होती. पाणिनीनें तिच्या नांवापासून शब्द साधण्यासाठीं एक सूत्रच खर्चीं घातलें आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूचे सैनिक द्राक्षमळ्यांत मृगाजिनें अंथरून मद्यानें श्रमपरिहार करितात. हा प्रसंग आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस शिकविला, आणि मुलींचा वर्ग असेल तेव्हां 'द्राक्षांचें सरबत' असा अर्थ सांगितला! चरकाचार्यांनीं चिकित्सास्थानांत मदात्ययावर संपूर्ण अध्याय लिहिला आहे. विधि, मात्रा, काल, अन्न व आपलें बल पाहून, प्रसन्न मनानें घेतलेलें मद्य अमृतासारखें, आणि यांवांचून घेतलेलें तें विषासारखें, असा त्यांचा आशय आहे.

मनूनें गौडी, पैष्टी व माध्वी या तिन्ही सुरा द्विजोत्तमास वर्ज्य ठरविल्या, हें आम्ही विसरलों नाहीं. शुक्राचार्यांचा शापहि विसरलों नाहीं. परंतु ती कचाची कथा त्या रात्रीं निराळीच वाचली गेली. असुरांनीं कचास मारून, जाळून, त्याची राख मद्यांत कालवून गुरूस पाजली. आणि शुक्राचार्यांसारख्या ज्ञानी पुरुषानें ती प्याली, कारण पेल्यांत काय आहे हें त्यांनीं पाहिलें नाहीं. आपला प्रिय शिष्य आपणच गिळून बसलों हें कळल्यावर त्यांनीं शाप उच्चारला. पुस्तक मिटतांना मनांत आलें कीं, आम्हीं तर न पितांच आपला मुलगा गमावला आहे. सौभाग्यवतींस तसें म्हटलें, तेव्हां त्या एवढेंच बोलल्या, "मग आतां तरी चला."

तपोवन एक्सप्रेसनें आम्ही उभयतां नाशिकास गेलों. पुतण्या स्थानकावर आला होता. कानांजवळचे केस पांढरे झालेले पाहून आम्हांस गलबलून आलें. दुसरे दिवशीं पहांटे त्यानें आम्हांस मळ्यांत नेलें. दिवस माघाचे, द्राक्षतोडणी ऐन भरांत. उन्हानें रस तापूं नये म्हणून सूर्योदयापूर्वींच घड उतरविले जात होते. गंगापूरचें धरण तेथून दूर नव्हतें. ज्या गोदेच्या पाण्यानें हे वेल वाढतात, तीच पुढें आमच्या नांदेडाच्या घाटास लागते, हें इतक्या वर्षांत मनांतहि आलें नव्हतें.

मद्याचीं द्राक्षें खाण्याच्या द्राक्षांहून निराळीं. दाणा लहान, साल जाड, आंत बिया. आपल्याकडे वेलाची छाटणी दोनदां करितात, एक एप्रिलांत व दुसरी पावसाच्या अखेरीस, आणि फळ जानेवारी ते मार्च या काळांत हातीं येतें. युरोपांत हाच हंगाम भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास असतो. घड आल्यावर देंठ काढून दाणे चेंचतात. पांढऱ्या मद्यासाठीं रस लगेच सालींपासून वेगळा करितात; तांबड्यासाठीं साली रसांतच कांहीं दिवस राहूं देतात, आणि रंग व तुरटपणा सालींतूनच उतरतो. पुढें किण्व रसांतील साखर खाऊन तिचें मद्यार्क व वायु करितें. या वेळीं रस तापला तर सुगंध उडून जातो, म्हणून पोलादी टांक्या थंड राखाव्या लागतात. पुतण्या हें सर्व अशा बारकाव्यानें सांगत होता कीं, आम्हांस दादांच्या हिशेबाच्या वह्या आठवल्या.

हा धंदा आपल्याकडे फार जुना नाहीं. नारायणगांवाजवळ शामराव चौगुले यांनीं १९८० च्या दशकांत फेंसाळणारें द्राक्षमद्य काढून परदेशीं पाठविलें. नंतरच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनीं अमेरिकेंतील नोकरी सोडून नाशिकाजवळ आपल्या घरच्या जमिनींत मद्याचीं द्राक्षें लावलीं. 'सुला'ची सुरुवात तेथूनच झाली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण आंखलें, आणि दिंडोरी, विंचूर या बाजूंस अनेक मद्यशाळा उभ्या राहिल्या.

त्याच्या प्रयोगशाळेंत एका ओळींत पेले मांडलेले होते. तो एकेक पेला फिरवी, हुंगी, घोटभर तोंडांत घेऊन घोळवी, आणि शेजारच्या भांड्यांत थुंकून टाकी. मग वहींत नोंद करी. आम्ही चकित झालों. "गिळीत नाहींस?"

"दिवसाला तीस नमुने असतात, काका. गिळले तर काम कसें होईल? रविवारीं जेवतांना एक पेला घेतों, तेवढाच."

थोडा वेळ थांबून तो पुढें म्हणाला, "बाबांच्या वेळीं डॉक्टरांनीं विचारलें होतें, काय घेत होते म्हणून. आपल्यापैकीं कोणालाच सांगतां आलें नाहीं. तेव्हांपासून वाटे, आपण तरी हें शिकून घ्यावें."

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

रात्रीं वहिनींनीं आमच्या प्रांताचें जेवण केलें होतें. ज्वारीची भाकरी, चिंचगुळाची तुरीची आमटी, वांग्याचें भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि धपाट्यांबरोबर दही. ताटाशीं कांचेचे लहान पेले. "नको असेल तर पाणी आहेच," असें म्हणून पुतण्यानें आमच्यापुढें बाटली धरली, ती फळांची बाटली दाखवावी तशी. आम्हीं मान हालविली. प्रथम जिभेस थंडावा लागला, मग आंबटपणा, मग पिकलेल्या पेरूचा वास, आणि शेवटीं मधाची पुसटशी आठवण. आमटीचा भुरका घेऊन पुन्हां घोट घेतला तेव्हां आमटी अधिक गोड लागली. वहिनी आमच्याकडे एकटक पाहत होत्या. म्हणाल्या, "भावोजी, तुमचे दादा असे ताटाशीं बसून चारचौघांत प्याले असते, तर मला मोजतां तरी आलें असतें."

आमच्या लेखाचें सार या एका वाक्यांत आहे. खालीं जें लिहितों तो त्याचा तपशील.

नांदेडास परत आल्यावर आम्ही छत्री घेऊन एका दुकानीं गेलों. पाटी 'वाईन शॉप' अशी. आंत मात्र व्हिस्की व बिअर यांचेंच राज्य. गल्ल्यावरील गृहस्थ उठून उभे राहिले, "नमस्कार गुरुजी!" म्हणाले, आणि नंतर कोणत्या गुरुजींस आपण नमस्कार केला हें लक्षांत येऊन कपाळास घाम पुसूं लागले. आमचा जुना विद्यार्थी! वाईन मागितली तेव्हां वरच्या फळीवरून, दिव्याच्या उष्णतेंत उभ्या असलेल्या, धुळीनें माखलेल्या चार बाटल्या खालीं आल्या. त्यांतील एकीवर 'फ्रातेल्ली' असें नांव होतें. हें मद्य आमच्या लातुरास त्या मानानें जवळचें; सोलापूर जिल्ह्यांत अकलूजच्या बाजूस तें होतें. इटलींतील, दिल्लींतील व अकलूजांतील अशा तीन घराण्यांतल्या भावाभावांनीं मिळून तें काढलें, म्हणून इटालियन भाषेंत 'भाऊ' असें त्यास नांव दिलें. संस्कृतांतील 'भ्रातृ' शब्दाचें तें नातलग आहे हें सांगावयास पंडित नको. ती बाटली हातांत धरून आम्ही बराच वेळ उभे होतों. विद्यार्थ्यास वाटलें, गुरुजी किंमत वाचीत आहेत.

आतां शिफारस. प्रथमच घेणाऱ्यानें 'शेनिन ब्लां' या जातीच्या द्राक्षांचें पांढरें मद्य घ्यावें. आपल्याकडे तें बहुधा किंचित् गोडसर असतें, त्यामुळें तिखटमिठाच्या, चिंचगुळाच्या आपल्या स्वयंपाकाशीं त्याचें उत्तम जमतें. आमटी, धपाटे, सुशीला, कशाबरोबरहि चालेल. ज्यांस गोडवा नको त्यांनीं 'सोव्हिन्यों ब्लां' घ्यावें. त्यास कैरीची आंबटाई व नुकत्या कापलेल्या गवताचा वास असतो. हुरड्याच्या दिवसांत, हिरव्या चटणीबरोबर, तें आम्हांस फार आवडलें. मसालेभात किंवा वांगीभात असेल तर 'रोझे' नांवाचें गुलाबी मद्य थंड करून घ्यावें.

तांबड्यांत 'शिराझ' सुरुवातीस बरें. त्यास मिऱ्यांचा वास असतो. परंतु तांबड्याचा तुरटपणा व मिरचीचा ठेचा यांचें जिभेवर भांडण होतें, आणि त्यांत दोघेहि हरतात. भरलें वांगें, भाजलेले शेंगदाणे, पनीर यांच्या संगतींत तें शोभतें. तांबडें मद्य खोलीच्या उष्णतेइतकें असावें असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण तें लिहिणाराची खोली युरोपांत होती. नांदेड-लातुरास वैशाखांत पारा ४२ अंशांवर जातो. येथें तांबडी बाटलीहि अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी, आणि पांढरी दोन-तीन तास.

विकत घेतांना बाटलीवर द्राक्षांचें साल पाहावें. पांढरें व गुलाबी मद्य एक-दोन वर्षांतलें ताजेंच चांगलें. जुनें तितकें उत्तम हा नियम त्यास लागूं नाहीं. उन्हांत किंवा दिव्याखालीं उभी राहिलेली बाटली घेऊं नये. आमच्या विद्यार्थ्याच्या फळीवरल्या चारहि आम्हीं परत केल्या व त्यास त्याचें कारण सांगितलें. फिरकीचें झांकण पाहून नाक मुरडूं नये. रोजच्या मद्यास तें बुचापेक्षां सोयीचें. रोजच्या उपयोगाची चांगली बाटली हजार रुपयांच्या आंत मिळते. 'पोर्ट' या नांवानें जीं फार स्वस्त व फार गोड मद्यें विकलीं जातात, तीं टाळावीं. त्यांची साखर मात्रेचें भान राहूं देत नाहीं. उघडलेली बाटली झांकण लावून शीतकपाटांत तीन-चार दिवस चांगली राहते, म्हणून एका बैठकींत संपविण्याची घाई करूं नये. आणि पेला कांचेचा असावा. स्टीलच्या पेल्यांत काय आहे व किती आहे, हें दुसऱ्यास दिसत नाहीं.

आतां मात्रा, कारण गणितावांचून हा धडा पुरा होत नाहीं. द्राक्षमद्यांत मद्यार्क साधारण १२ ते १३ टक्के, व्हिस्कींत ४२.८ टक्के. बाटली ७५० मिलिलिटरची, पेला १५० चा, म्हणजे एका बाटलीचे पांच पेले. एका पेल्यांतील मद्यार्क सुमारें दीड लहान पेगाइतका भरतो. म्हणून 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हें वाक्य आम्हांस मान्य नाहीं. जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, त्यावर मोठें वादळ उठलें, आणि तो अंमलांत आला नाहीं. त्या वादांत एका बाजूनें हें वाक्य फार ऐकूं आलें, आणि दुसऱ्या बाजूनें सर्वच मद्यें एका मापानें मोजलीं गेलीं. दोन्ही बाजूंनीं पेल्यांत पाहण्याचें टाळलें, असें आमचें नम्र मत आहे.

जानेवारी २०२३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट म्हटलें आहे कीं, मद्याची कोणतीहि मात्रा आरोग्यास सर्वस्वी निर्धोक नाहीं. कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत मद्याची गणना १९८८ पासूनच आहे. तेव्हां हृदयास हितकर म्हणून कोणीं घेऊं नये. औषध हवें असेल तर वैद्य आहेत. गरोदर स्त्रियांनीं, यकृताचें दुखणें असलेल्यांनीं, झोंपेचीं किंवा तत्सम औषधें घेणाऱ्यांनीं, आणि ज्यांस वाहन चालवून घरीं जावयाचें आहे त्यांनीं पेला दूरच ठेवावा. ज्यास दुसऱ्या पेल्यानंतर तिसरा नको म्हणतां येत नाहीं त्यास कोणतीच शिफारस लागूं नाहीं. त्यानें डॉक्टरांकडे जावें, आणि घरच्यांनीं त्यास 'कावीळ' म्हणूं नये. आमच्या घराण्यांत हा दोष एकदां दिसलेला असल्यामुळें आम्हीं स्वतःपुरता नियम केला आहे. महिन्यांतून एका रविवारीं, जेवणाशीं, अर्धा पेला. बाटली शीतकपाटांत दह्याच्या भांड्याशेजारीं उभी असते. तिच्यावर उघडल्याची तारीख घालून, प्रत्येक वेळीं रस कोठवर उतरला तेथें आम्ही पेन्सिलीनें रेघ ओढतों. सौभाग्यवती तिला 'हजेरीपट' म्हणतात.

आईबापांस आमचें एवढेंच सांगणें आहे. पुढल्या खेपेस मुलाच्या घरीं जाल तेव्हां कपाटाकडे पाहूं नका, त्यास विचारा, "काय घेतोस? किती घेतोस?" तो लाजेल, कदाचित् चिडेल. परंतु बाटली कपाटांतून जेवणाच्या मेजावर आली कीं ती मोजतां येते, आणि जें मोजतां येतें त्यास वेळीं थांबवितां येतें. कोठीमागची बाटली कोणीं मोजावी?

त्याच वर्षीं दिवाळींत वहिनी व पुतण्या नऊ वर्षांनीं नांदेडास आलीं. त्यानें आणलेली बाटली आम्हीं हातांत घेऊन साल वाचलें, द्राक्षाची जात मोठ्यानें वाचली, आणि मग त्या पत्राचा विषय काढला. "तें पत्र मला परत दे," असें म्हटलें. तो म्हणाला, "कधींच हरवलें, काका." तें खरोखर हरवलें आहे कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. सबंध आयुष्यांत न विचारलेल्या गोष्टींपैकीं तेवढी एकच न विचारणें योग्य होतें, असें आम्हांस वाटतें.